सप्तमीची भरती

वरसे गावात नथानियल मिस्त्रींना काहीही विचारायची मुभा होती. इंजिन काळा धूर का टाकतं, पंप पाणी का धरत नाही, मुलीला रोह्याच्या कॉलेजात घालावं की लग्न उरकावं, कशालाही त्यांच्याकडे उत्तर असायचं, आणि ते चहा पाजून मिळायचं. फक्त भरतीची वेळ विचारायची नाही. गळ घेऊन निघालेला एखादा नवखा सायकल थांबवून म्हणाला, "मिस्त्री, आज पाणी कितीला भरंल?" की हा हसरा म्हातारा हातातला पाना खाली ठेवायचा, घरात जायचा आणि दार लावून घ्यायचा. नवखा आपला उन्हात उभा. मग शेजारची जनी त्याला सांगायची, "त्यांना त्यावडं नको इचारू रं. बाकी कायपण इचार."

दुसरी गंमत म्हणजे, एवढा आभार मानणारा माणूस पंचक्रोशीत सापडला नसता. एस्टीच्या कंडक्टरचे आभार, पोस्टमनचे आभार, पहिल्या हँडलला सुरू झालेल्या इंजिनाला तर चक्क नमस्कार. गावातले टवाळ म्हणायचे, मिस्त्री डासाचेसुद्धा आभार मानतील, वेळेवर उठवलं म्हणून. नथानियल स्वतःही त्या हसण्यात सामील व्हायचे आणि वर, हसवलं म्हणून टवाळांचे आभार मानायचे. असल्या माणसाची थट्टा करण्यात फारशी मजा उरत नाही.

अशा या माणसाच्या घशात एका गोष्टीचे आभार पन्नास वर्षं अडकून राहिले होते. आणि १९९५च्या मार्चमध्ये ते गाव, देश, सगळं सोडून कायमचे निघाले होते. मुलगी शीरा इस्रायलमध्ये, अश्दोदला नांदत होती. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. शीराने तिकीट पाठवलं, पासपोर्ट आला, हत्यारांची पेटी कुणाला द्यायची तेही ठरलं. राहिलं होतं ते एकच काम, आणि पेणला राहणारी धाकटी बहीण रेचल दर पत्रात त्याचीच आठवण करून देत होती. "दादा, आईचा नवस फेडल्याशिवाय विमानात चढू नकोस. तिकडे जाऊन फेडता येणार नाही. आई इथल्या मातीत आहे."

हा नवस सिपोराबाईंचा, म्हणजे त्यांच्या आईचा. कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू घरांत संकटातून माणूस सुटला की मलिदा करतात. भिजवलेले पोहे, त्यात ओला नारळ, साखर, वेलदोडा, बदाम. ताटात त्याची रास, भोवती पाच तऱ्हेची फळं, वर सब्जाची काडी. बिरादरीतले पुरुष जमतात, एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावानं प्रार्थना होते, देवाचे आभार मानले जातात आणि मग सगळे जण मूठमूठ खातात. १९४४ साली मुलगा लढाईवर गेला तेव्हा सिपोराबाई अलिबागेजवळच्या खंडाळ्याच्या खडकापर्यंत चालत गेल्या. एलियाहू हन्नाबीचा रथ त्या खडकाला टेकला होता अशी सगळ्यांची श्रद्धा. तिथे कपाळ टेकून त्या बोलल्या, माझा नथू धड परत येऊ दे, मलिदा करीन, आणि आभाराचे शब्द तो स्वतःच्या तोंडानं म्हणेल.

नथू धड परत आला. म्हणजे उजव्या खांद्यात लोखंडाचा एक तुकडा राहिला होता, पण आई तेवढ्यावर खूश होती. तिने पोहे भिजवायला घेतले. मुलगा म्हणाला, "आई, आत्ता नको." पुढच्या वर्षीही नको म्हणाला. लग्नात नको, शीरा झाली तेव्हा नको. सिपोराबाई एकसष्ट साली गेल्या, तोवर त्या विचारत होत्या आणि तोवर तो नको म्हणत होता. कारण मात्र त्यानं ना आईला सांगितलं, ना बायकोला. बायकोनं एकदाच विचारलं होतं, तेव्हा म्हणाला, "मी सुटलो म्हणायचं, पण ज्यांना मी नेलं ते कुठं सुटले?" तिला काही कळलं नाही. तीही बिचारी पुन्हा बोलली नाही.

आता कारण सांगतो.

नथानियलचे वडील हासाजी खाडीकाठच्या एका खेड्यात तेलाचा घाणा चालवायचे. पोराचं लक्ष घाण्यापेक्षा चिखलात जास्त. कोळ्यांच्या पोरांबरोबर चिखलातले निवट्या मासे धरायला जायचं, फळीवर छाती टेकून, एक गुडघा फळीवर आणि दुसऱ्या पायानं रेटा देत, कमरेएवढ्या चिखलावरून सुळकन निघून जायचं. आणि भरतीचा हिशेब तर त्याला पाढ्यांच्या आधी आला. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पाणी पुरं भरतं. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. आपल्या किनाऱ्यावर कुणाही म्हाताऱ्याला विचारा, हेच सांगेल. असा पोरगा एकोणिसाव्या वर्षी मुंबईला जाऊन नेव्हीत शिरला तर नवल नाही. चार वर्षांत तो सपाट बुडाच्या बोटींवर सुकाण्या झाला. या बोटींचा तळ ताटासारखा असतो. त्या थेट वाळूला जाऊन लागतात, पुढचं फाळकं धाडकन खाली पडतं आणि माणसं किनाऱ्यावर उतरतात.

पंचेचाळीसच्या जानेवारीत त्यांना ब्रह्मदेशाच्या आराकान किनाऱ्यावर नेलं. तिथलं एक बेट जपान्यांच्या ताब्यात होतं, ते घ्यायचं होतं. बेट घेतलं की नाव पायदळाचं होतं, आणि व्हावंही, कारण मरायला पुढे तेच असतात. पण बेटावर पायदळ उगवत नाही, ते कुणीतरी आणून ठेवावं लागतं. आधी सुरुंग काढणाऱ्या बोटी पाणी मोकळं करतात. मग मोठी जहाजं लांब उभी राहून तोफांनी किनारा भाजून काढतात. मग माणसं न्यायची. आणि माणसं उतरली म्हणजे काम संपलं असं नाही, तिथून खरं काम सुरू होतं. तांदूळ न्या, दारूगोळा न्या, खेचरं न्या, प्यायचं पाणी न्या, आणि येताना जखमी घेऊन या. सकाळच्या पहिल्या फळीला फारसा त्रास झाला नाही. वेळ गोऱ्या साहेबांनी भरतीचं छापील कोष्टक बघून ठरवली होती, बोटी बरोबर वाळूला लागल्या.

नथानियलच्या बोटीची पाळी दुपारी अडीचची होती. रसद तुकडीतले अठ्ठावीस जवान, तांदळाची पोती, पाण्याचे पिंप. पण इंजिन बिघडलं, आणि ते धड होईपर्यंत पावणेपाच वाजले. कोष्टकवाला साहेब एव्हाना किनाऱ्यावर पोचला होता. बोटीवरचा छोटा साहेब विशीतला, तो म्हणाला, आता उद्या सकाळीच जाऊ. जवान सकाळपासून बोटीत हेलकावे खात होते, निम्मे ओकून गळाले होते. नथानियलला त्यांची दया आली. त्यानं मनात तिथी मोजली. सप्तमी. सातापाऊणे सव्वापाच. पाणी आता भरत आलं असणार. "साहेब," तो म्हणाला, "सव्वापाचला भरती पुरी होते. मी खाडीकाठचा आहे. मी नेतो." साहेबानं त्याच्याकडे पाहिलं आणि होकार दिला.

आराकानच्या पाण्यात येऊन त्याला चार दिवस झाले होते, आणि चारही मोठ्या जहाजावर गेले होते. तिथली भरती आपल्यापेक्षा दोन तास आधी येते हे त्याला ठाऊक नव्हतं. ते वेगळं असू शकतं हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. आपल्या आईच्या स्वयंपाकाची चव म्हणजेच जगातल्या स्वयंपाकाची चव असं आपल्याला वाटतंच की नाही, तसलाच प्रकार. पाणी दोन तासांपासून उतरत होतं. किनारा चारशे पावलांवर असताना बोट चिखलात रुतली आणि उरलंसुरलं पाणी डोळ्यांदेखत निघून गेलं. टेकडीवरून जपान्यांचे गोळे यायला लागले. जवान फाळक्यावरून खाली उडी मारायचे आणि कमरेपर्यंत गाळात जायचे. पाय उपसायला गेले की आणखी खाली.

नथानियलला आठवायचं ते एवढंच. त्यानं बोटीतल्या फळ्या उपटल्या, पेट्यांची झाकणं काढली, एकेकाला आडवं पाडून फळीवर टेकायला शिकवलं आणि कमरेला दोर बांधून किनाऱ्याकडे न्यायला लागला. आठ-नऊ जण नेले असतील. मग खांद्यात काहीतरी गरम शिरलं. शुद्धीवर आला तेव्हा हॉस्पिटलच्या जहाजावर होता. तिथून चितगाव, मग ताप, मग मुंबई. बोटीतल्या बाकीच्यांचं काय झालं ते कुणाला विचारायची सोय नव्हती. तुकडीचं नावही त्याला माहीत नव्हतं. पण पाण्याचा हिशेब त्याला येत होता, हेच वाईट झालं. उतरलेलं पाणी सहा तासांनी परत येतं. रुतलेल्या माणसावरून ते कसं चढलं असेल हे त्याला पन्नास वर्षं दिसत राहिलं. अठ्ठाविसातून नऊ वजा केले की एकोणीस. एकोणीस माणसं मी चिखलात पुरली, आता पोहे भिजवून त्याबद्दल देवाचे आभार मानू? घरी आल्यावर तो पुन्हा बोटीवर चढला नाही. इंजिनं दुरुस्त करायला शिकला, कोरड्या जमिनीवर राहिला, आणि ज्याचे मानता येतील त्या सगळ्यांचे आभार मानत सुटला.

फेब्रुवारीत जित्याहून निरोप आला. हैबतराव नावाच्या शेतकऱ्याचं इंजिन तळ्यात गेलं होतं. बांध खचला आणि इंजिन घसरून पार गाळात जाऊन बसलं. उपसून दुरुस्त होईल का, की भंगारात घालावं, एवढं मिस्त्रींनी येऊन सांगावं. नथानियलनी आता कामं घेणं बंद केलं होतं, पण नाही म्हणणं त्यांना कधी जमलंच नाही. सकाळच्या पॅसेंजरनं ते रोह्याहून निघाले आणि जिते स्टेशनात उतरले. न्यायला आलेल्या हैबतरावांच्या जगन नावाच्या शेजाऱ्याचे त्यांनी तीनदा आभार मानले.

तळ्यावर गेले तर पाणी आटून नुसता गाळ, आणि पंधरा-वीस पावलांवर इंजिनाचं चाक वर आलेलं. जगननं बैलजोडी आणली होती, दोर होता, पण तो दोर इंजिनाला बांधायला गाळात जाणार कोण? हैबतरावांचा मुलगा गणेश धाटावच्या कंपनीत पहिल्या शिफ्टला. जगन दोन पावलं गेला आणि मांडीपर्यंत रुतून परत आला. नथानियल काठावर बसून घामाघूम झाले. गाळ पाहिला की त्यांचं तसंच व्हायचं.

एवढ्यात हैबतराव घरामागून एक जुनं दार ओढत घेऊन आले. बहात्तर वर्षांचा माणूस, अंगानं काटक, मिशा पांढऱ्या. मागून त्यांची बायको गिरजाबाई बोलतच येत होती.

"अवो, वय काय झालंय? गणेश येईस्तवर थांबा की. छाती भरली म्हंजे?"

"गप गो. जरा गाळात तर जायचंय."

त्यांनी दार गाळावर टाकलं, त्याच्यावर छाती टेकली, एक गुडघा दारावर घेतला, दोराचं टोक दातात धरलं आणि दुसऱ्या पायानं रेटा दिला. दार सुळकन सरकलं. चार रेट्यांत ते इंजिनापाशी पोचले, दोर बांधला आणि तसेच उलटे फिरून काठाला लागले. जगन बघत राहिला. गिरजाबाई मात्र पुटपुटत पाण्याची घागर आणायला गेली, तिनं हे पूर्वी पाहिलेलं असावं.

नथानियल उठून उभे राहिले होते. हैबतरावांची शेती आतल्या जमिनीची, भात आणि वालाची. खाडीचा चिखल इथून लांब. ही रीत कोळ्यांची, आणि तीही या बाजूला फारशी कुणाला येत नाही.

"हैबतराव," ते म्हणाले, "हे तुम्ही कुठं शिकलात?"

"हे व्हय?" हैबतराव मिशा पुसत म्हणाले. "लय जुनी गोष्ट हाय. फौजेत व्हतो मी, रसदीत. ब्रह्मदेशाच्या एका बेटावर आमची बोट गाळात बसली. तवा एका खलाशानं शिकवलं. आपल्याच बाजूचा व्हता. फळी घ्या, आडवे व्हा, पाय उचलू नका, असा वरडत व्हता मराठीत. परमुलखातल्यांना काय कळना, पण मला कळलं."

नथानियल खाली बसले. गिरजाबाईनं घागर टाकून त्यांना पाणी दिलं. ऊन लागलं असेल म्हणून त्यांना पडवीत नेलं, घोंगडी टाकली, चहा ठेवला. बैलांनी इंजिन काठावर ओढलं ते बघायला ते तिथे नव्हतेच.

चहा तसाच ठेवून नथानियलनी विचारलं, "किती माणसं होती तुमच्या बोटीत?"

"अठ्ठावीस."

"आणि वाचली किती?"

हैबतरावांनी त्यांच्याकडे जरा नवलानं पाहिलं. "सव्वीस. दोघं गेले. कर्तारसिंग आणि केरू. केरू खेडकडचा. दोघांच्या मधीच गोळा पडला. गाळानं एकपण नाय गेला, मिस्त्री. तो खलाशी जखमी झाला, त्याला दुसऱ्या बोटीवाल्यांनी उचलून नेला. पण शिकवून गेला व्हता ना तो. मंग आमी त्याच्यावानीच केलं. ज्याला आलं त्यानं दुसऱ्याला नेला. मी तीन खेपा मारल्या. पाणी परत चढायच्या आत समदे वाळूवर."

नथानियलचे ओठ हलत होते. ते बहुधा पुन्हा वजाबाकी करत होते. पन्नास वर्षं एकच उत्तर येत होतं, ते आज चुकीचं ठरलं होतं.

"तो खलाशी मी," ते म्हणाले.

हैबतराव काही बोलायच्या आत त्यांनी पुढचंही सांगून टाकलं, कारण आता थांबलो तर जमणार नाही हे त्यांना समजत होतं. "आणि तुम्हाला गाळात घातलं तोही मीच. साहेब उद्या जाऊ म्हणत होता. मी म्हटलं सप्तमी आहे, सव्वापाचला पाणी भरतं. इथला हिशेब तिथं लावला. माझ्यामुळे बोट रुतली, हैबतराव. कर्तारसिंग आणि केरू माझ्यामुळे गेले."

आता असं आहे की, एखाद्यानं लगेच गळ्यात पडून म्हटलं असतं, जाऊ द्या हो, झालं गेलं. हैबतराव तसले नव्हते. ते बराच वेळ तळव्यावर तंबाखू मळत बसले. केरू त्यांच्या शेजारी झोपायचा, एका ताटात जेवायचा. त्याच्या घरी खेडला जाऊन त्याच्या आईला निरोप सांगण्याचं काम यांनीच केलं होतं.

"चूक झाली म्हंता," शेवटी ते म्हणाले. "झाली असंल. कुनाची तरी झालीच व्हती, नायतर बोट गाळात कशी जाईल? पन आमी कंदी इचारलं नाय कुनाची. तुमाला सांगू? चुकी करून पळालेले साहेब मी लय बघितलेत. तुमी बोटीत बसून ऱ्हायला असता तर? लोखंडाची बोट, आत बसलं तर गोळी लागत नाय. तुमी खाली उतरलात. माझ्या कमरंला दोर तुमी बांधलात. तवा मी बाविशीचा. त्याच्यामागनं माझं लगीन झालं, चार पोरं झाली, हे घर झालं. केरूचं दुःख हाय ते हाय. ते माझं बी हाय, तुमचं बी असू द्या. पन सव्वीस जणांचं देणं मी त्याच्यात कसं बुडवू?"

मग त्यांनी आत हाक मारली, "अगो, त्यांची पायली दाखव."

गिरजाबाई बाहेर आली ती एक मातीचं मडकं घेऊन. तोंडाला फडकं बांधलेलं. दर वर्षी नवं भात घरात आलं की पहिली पायली बाजूला पडायची. लग्न होऊन ती या घरात आली त्या वर्षापासून नवऱ्यानं हा नेम लावला होता. खलाशाची पायली. खलाशाचं नाव माहीत नव्हतं, गाव माहीत नव्हतं, तो जिवंत आहे की नाही तेही नाही. म्हणून मग होळीपर्यंत वाट बघायची आणि त्याच्या नावानं दारात येईल त्याला ती वाढायची. एकदा तर घरात खायला कमी होतं, तेव्हाही मडक्याला हात लावू दिला नाही, असं गिरजाबाईनं सांगितलं. त्यात थोडी तक्रार होती, पण अभिमान जास्त.

"आता तुमीच आलात म्हंजे बरं झालं, भावोजी," ती म्हणाली. मिस्त्रींचे भावोजी कधी झाले ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. "औंदाचं हाय. घेऊन जा."

नथानियलनी मडकं मांडीवर घेतलं. सकाळपासून जगनचे, गाडीत जागा देणाऱ्या पोराचे, चहाचे, सगळ्यांचे आभार मानून झालेले. आता मडक्यावर हात ठेवून ते रडले, चांगले हुंदके देऊन रडले, आणि हैबतरावांनी त्यांना रडू दिलं.

इंजिनाचं सांगायचं राहिलं. ते दुरुस्त झालं. नथानियलनी दोन दिवस जित्यालाच मुक्काम केला आणि नोझलपासून रिंगांपर्यंत सगळं खोलून धुतलं.

तिथून ते तडक पेणला रेचलकडे गेले. दारातच मडकं तिच्या हातात दिलं. "यातलं भात पोह्यांच्या गिरणीत दे," म्हणाले. "मलिद्याचे पोहे याचेच करायचे. दिवस मी सांगतो." रेचल भावाकडे बघतच राहिली. मग तिनं पदर डोळ्यांना लावला आणि काही न विचारता गिरणीत गेली. विचारलं तर हा पुन्हा नको म्हणेल, ही भीती तिला होतीच.

मार्चमधल्या एका बुधवारी रेचलच्या घरी मलिदा झाला. इस्रायलला जाऊन जाऊन आता माणसं उरलीत किती, तरी रोहा, अलिबाग, रेवदंडा असं करून बिरादरीचे तेरा पुरुष जमले. हैबतराव धुतलेलं धोतर नेसून आणि फौजेतलं पदक लावून आले होते. गिरजाबाईनं परसातली केळी आणली होती, ती पाच फळांत गेली. पोह्यांची रास ताटात चढली तेव्हा नथानियलनी दोन लहान मुठी वेगळ्या काढून ताटाच्या कडेला ठेवल्या. "ही कर्तारसिंगची," ते म्हणाले, "आणि ही केरूची." मग प्रार्थना झाली, आणि आभाराचे शब्द आले तसे सगळे थांबले, कारण ते ज्याचे त्यानं म्हणायचे होते. नथानियलचा आवाज दोनदा फाटला. तिसऱ्यांदा त्यांनी ते शेवटपर्यंत म्हटले.

हैबतरावांनी आपल्या वाट्याची मूठ आधी कपाळाला लावली आणि मग खाल्ली. "आमच्या भाताची चव हाय," ते म्हणाले, आणि सगळे हसले.

चहा चालू असताना ते सहज बोलून गेले, "आज तिथी कुठली? जाताना खाडीच्या पुलाकडनं जायचंय, पाणी बघावं म्हंतो. भरती कितीला असंल?"

रेचलनं बशी खाली ठेवली. वरशाहून आलेल्या जनीनं तर डोळेच मिटून घेतले. हैबतरावांना बिचाऱ्यांना काय ठाऊक, हे विचारायचं नसतं म्हणून.

नथानियल दाराकडे गेले नाहीत. "आज सप्तमी," ते म्हणाले. "म्हणून तर आजचा दिवस धरला. किनाऱ्यावर सव्वापाचला भरेल. इथं खाडीत आत यायला थोडं उशिरा. पाऊणएक तास धरा." मग म्हणाले, "हा इथला हिशेब हं. दुसरीकडे लावायचा नाही."

साडेपाचला ते, हैबतराव, गिरजाबाई आणि रेचल असे चौघं पेणजवळच्या अंतोऱ्याच्या धक्क्यावर जाऊन उभे राहिले. पाणी काठाच्या झुडपांपर्यंत आलं होतं आणि अजून चढत होतं. सहाच्या सुमारास ते थांबलं. वर येणारा काटक्यांचा पुंजका जागच्या जागी गोल फिरला आणि स्वस्थ राहिला. हैबतरावांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि मान डोलावली.

नथानियलनी पाण्याला हात जोडले. पाण्याचे आभार त्यांनी पन्नास वर्षांत मानले नव्हते, तेवढेच राहिले होते.

"आई," ते हळूच म्हणाले, "फेडला गो."

मग त्यांनी खिशातून पुडी काढली. ताटाच्या कडेच्या त्या दोन मुठी होत्या. त्यातली एक त्यांनी हैबतरावांच्या हातावर ठेवली, एक स्वतःच्या, आणि दोघा म्हाताऱ्यांनी वाकून ते पोहे उतरू लागलेल्या पाण्यात सोडले.